पंपघरावरचा माणूस

माझ्या थोरल्या मुलीला पहिला दात आला आणि मामंजींचा शेवटचा पडला, त्या वर्षाची ही गोष्ट. मामंजी म्हणजे माझे सासरे. दोघांनाही तेव्हा सगळं कुस्करून भरवावं लागे, आणि दोघंही नको झालं की चमच्यावर हात मारत.

मामंजी पोलिसात हवालदार होऊन निवृत्त झाले होते. त्यांचे दोन मुलगे, दोघेही पोलिसातच. थोरले आमचे हे, साधे शिपाई. धाकटे भाऊजी शिकले, परीक्षा दिली आणि एकदम खांद्यावर दोन तारे लावून फौजदार होऊन आले. त्यामुळे आमच्या घरात एक मोठाच घोळ होऊन बसला होता. आम्ही राहायचो त्या पोलीस लाइनीच्या फाटकाबाहेर भाऊजी भेटले की हे टाचा जुळवून त्यांना सॅल्यूट ठोकत. फाटकाच्या आत आले की त्याच हाताने डोक्यात टपली मारत आणि "जेवलास का रे?" म्हणून विचारत. भाऊजी बिचारे टोपी सावरत राहत.

पोलीस लाइनीत हुद्दा नवऱ्याबरोबर संपत नाही. नळावर बायकांची रांग लागे तीसुद्धा हुद्द्याने. आधी जमादारीणबाई, मग हवालदारीणबाई, मग नाईकीणबाई, आणि सगळ्यांच्या मागे आम्ही शिपायांच्या बायका. असा काही नियम नव्हता, पण मधे बादली घुसवून बघावी म्हणजे कळे. भाऊजी फौजदार झाल्यावर माझी जागा कुठली हेच कुणाला ठरवता येईना. फौजदाराची वहिनी म्हणून पुढे घ्यायचं की शिपायाची बायको म्हणून मागे ठेवायचं? भाऊजींचं लग्न झालेलं नव्हतं, नाहीतर जाऊबाई पुढे आणि मी मागे असं तरी झालं असतं. शेवटी जमादारीणबाईंनी निकाल दिला. "तू असं कर, बादली पुढे ठेव आणि तू मागे उभी राहा." मी तसं करू लागले. बादली भरली की सगळी रांग ओलांडून पुढे जायचं, ती उचलायची आणि मान खाली घालून घरी यायचं.

त्या वर्षी थंडी सरता सरता मामंजींनी अंथरूण धरलं. लाइनीचे डॉक्टर येऊन गेले. जाताना दाराशी मला म्हणाले, "ज्यांना भेटायचं असेल त्यांना आज-उद्यात बोलावून घ्या." मी काय ते समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी चांगले शुद्धीवर होते. मी तोंड पुसत होते तर माझा हात बाजूला करून म्हणाले, "थोरला कुठाय?"

"पंपघरावर ड्युटीला आहेत."

"बोलाव त्याला. चार्ज द्यायचाय."

"कसला चार्ज, मामंजी?"

"घराचा," ते म्हणाले. त्यांना दम लागला होता, म्हणून थांबून थांबून बोलत होते. "दोन मुलं आहेत. एक वयानं मोठा, एक हुद्द्यानं. मी असाच गेलो तर उद्या कुणी कुणाचं ऐकायचं?"

चार्ज देणं म्हणजे काय, हे पोलिसाच्या घरात राहून मला ठाऊक होतं. ठाण्याचा माणूस बदलला की जाणारा आणि येणारा दोघं समोरासमोर उभे राहतात. किल्ल्या, काठ्या, बेड्या सगळं दाखवून होतं. मग येणारा म्हणतो, "घेतला." तो घेतला म्हणेपर्यंत जाणाऱ्याची सुटका नाही. तो घरी जाऊन झोपला तरी ठाणं त्याच्याच डोक्यावर. मामंजींच्या हिशेबी घराचंही तसंच होतं. थोरल्याने समोर उभं राहून "घेतला" म्हणायला हवं होतं, आणि तेही धाकट्याच्या देखत, म्हणजे पुढे वाद नको. तेवढ्यासाठी ते थांबले होते असं माझं मत आहे.

भाऊजी ड्युटीवर जाता जाता बघायला आले होते. त्यांनी ऐकलं आणि टोपी उचलली. "मी आणतो दादाला. मोटारसायकल आहे."

मामंजींनी डोळे न उघडताच विचारलं, "तू कसा आणणार? तू वाहतुकीचा."

"बाबा, मी फौजदार आहे."

"असशील. पण तो तुझ्या हाताखालचा आहे का?"

भाऊजींनी टोपी डोक्यावर घातली. मला मात्र ते पटलं नाही. दोन तारेवाला माणूस बिनताऱ्याच्या माणसाला चल म्हणू शकत नाही, तर मग ते तारे लावायचे कशाला? शेजारच्या नाईकीणबाईंना मामंजींजवळ बसवलं, मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि मीही भाऊजींच्या मागे मोटारसायकलवर बसले. म्हटलं, फौजदाराचं नाही ऐकलं तर बायकोचं तरी ऐकतील.

गावाला पाणी पुरवणारं पंपघर नदीच्या काठाला, वस्ती संपते तिथे. दगडी भिंत, तिला कायम ओल. आत पंपांची घरघर चालू आणि बाहेरपर्यंत तेलाचा वास. कुणीतरी माथेफिरूने पाण्यात काहीतरी कालवीन अशी धमकी दिली होती, म्हणून ठाण्याच्या इनचार्ज साहेबांनी तिथे पहारा बसवला होता. दोन शिपाई आळीपाळीने उभे राहत. त्यातला दुसरा कावीळ होऊन पडला, त्यामुळे आदल्या दिवसापासून हे एकटेच तिथे होते. साहेबांनी त्यांना स्वतः सांगितलं होतं, "मी सांगेपर्यंत हलायचं नाही." आणि असं सांगून साहेब हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायला इस्पितळात भरती झाले होते.

हलायचं नाही म्हणजे खरोखरच हलायचं नाही. दोन वर्षांमागे एक शिपाई पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची जागा, सोडून जेवायला गेला आणि नेमकी तेव्हाच तपासणी झाली. त्याची नोकरी गेली. आम्ही सगळे त्याला ओळखत होतो. तो आता बाजारात कुलपं दुरुस्त करत बसे आणि खाकी कपडा दिसला की मान फिरवी.

आम्ही पोचलो तेव्हा हे फाटकाशी उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. भाऊजींना बघून त्यांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. मी मागे होते, मला बघितलंसुद्धा नाही.

भाऊजी म्हणाले, "दादा, चल. बाबा बोलावतायत. डॉक्टरांनी आज-उद्या सांगितलंय."

ह्यांचा चेहरा उतरला. पण पाय जागचे हलले नाहीत. "साहेब, पॉइंट सोडता येत नाही."

"साहेब काय साहेब? मी आहे."

"टोपी आहे तुमच्या डोक्यावर."

भाऊजींनी टोपी काढून काखेत धरली. "आता?"

"आता तू माझा धाकटा भाऊ. धाकट्या भावाच्या सांगण्यावरून पॉइंट सोडला म्हणून सांगू तपासणीला?"

भाऊजींनी टोपी पुन्हा घातली. "आणि हा फौजदाराचा हुकूम आहे असं म्हटलं तर?"

हे पुन्हा ताठ झाले. "तुम्ही वाहतुकीचे, साहेब. माझं ठाणं वेगळं. तुम्हाला सॅल्यूट करीन, तुमची मोटारसायकल पुसून देईन. पॉइंट सोडणार नाही."

"अरे, पण बाप मरतोय!"

"ओरडू नकोस." मग जरा थांबून, "ओरडू नका, साहेब."

मी पुढे झाले. "अहो, मी सांगते ना. चला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू ठाण्यात जा," ते हळूच म्हणाले. "साहेबांच्या जागी आता जो कोणी असेल त्याने सांगितलं की मी पळत येतो. बाबांना म्हणावं, येतोच आहे."

साहेबांच्या जागी जो कोणी असेल तो. ऐकायला किती सोपं.

ठाण्यात गेलो तर साहेबांची खुर्ची रिकामी. पाठीवर टॉवेल टाकलेला, टेबल पुसून लख्ख. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलं आणि त्यांच्यामागे दोन फौजदार, एक चष्मेवाले आणि एक ढेरीवाले. मला तेव्हा दारावरची पाटी वाचता येत नसे. साहेब ओळखायचा तो खांद्यावरून. मी आधी एकाचा खांदा बघितला, मग दुसऱ्याचा बघितला. दोघांना दोन-दोन तारे.

भाऊजींनी सगळं सांगितलं. दोघांनीही मन लावून ऐकलं. दोघांनाही वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं.

"अरे अरे," चष्मेवाले म्हणाले. "त्याला ताबडतोब सोडलं पाहिजे."

"ताबडतोब," ढेरीवाले म्हणाले.

आणि दोघेही एकमेकांकडे बघत बसले.

मी म्हटलं, "मग सांगा ना तसं."

"सांगा ना तुम्ही," चष्मेवाले ढेरीवाल्यांना म्हणाले.

"मी कसा सांगू? तुम्हीच सांगा."

"तुम्ही सांगितलंत तर माझी काही हरकत नाही."

"तसं लिहून द्याल?"

"लिहून द्यायला मी कोण?"

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. मी भाऊजींकडे बघितलं, तर ते खाली मान घालून उभे. मग त्यांनीच मला बाजूला घेऊन समजावलं. हे दोघेही एकाच तुकडीतले. नोकरीत एकाच दिवशी लागलेले, प्रशिक्षणातले गुणही सारखे. त्यांच्यात ज्येष्ठ कोण, असं वर विचारलं होतं आणि वरून अजून उत्तर आलं नव्हतं. साहेब रजेवर, म्हणजे त्यांचाही हुकूम चालेना, आणि तोपर्यंत त्यांच्या जागी कोण, ते ठरत नव्हतं. पॉइंट साहेबांनी लावलेला, म्हणजे तो उठवायचा तो साहेबांच्या जागेवर असलेल्यानेच. एकाने उठवला तर तो आपण होऊन इनचार्ज झाला असा अर्थ निघायचा, आणि दुसऱ्याला ते वर कळवावं लागायचं. नाही कळवलं तर त्याने मान्य केलं असं झालं असतं.

"मग दोघांनी मिळून सांगा," मी म्हटलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, ठाण्याला इनचार्ज एकच असतो."

"मग इथे तर एकही नाही!"

कोपऱ्यात जमादार बसले होते. त्यांना एकदम खोकला आला आणि ते उठून बाहेर गेले. व्हरांड्यातून त्यांचा खोकला ऐकू येत होता, तो खोकला नव्हता.

"तुम्ही वरच्या साहेबांकडे जा," ढेरीवाले म्हणाले. "त्यांनी सांगितलं की आमच्यापैकी कुणीही करेल."

"कुणीही," चष्मेवाले म्हणाले. सगळ्या सकाळीत त्या दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

वरच्या साहेबांचं ऑफिस कवायतीच्या मैदानापलीकडे. मैदान ओलांडताना भाऊजींनी कॉलर सारखी केली, पट्टा ओढला, बूट पोटरीवर घासले. आमच्या घरी मुलीच्या पाळण्याला झोका देत बसणारा माणूस तो, पण त्या दाराशी त्याला घाम फुटला होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही वरच्या साहेबांना घाबरता, ते दोघं तुम्हाला घाबरत नाहीत, आणि तुमचे दादा तुमचं ऐकत नाहीत. मग तुम्ही नक्की कुणाचे साहेब?"

"वहिनी, आत्ता नको," ते म्हणाले.

वरचे साहेब पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ. त्यांच्या खांद्यावर काय होतं ते मला मोजता येईना, ताऱ्यापेक्षा निराळंच काहीतरी होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं. भाऊजींना सांगितलं नाही, म्हणून ते उभेच. शिपायाची बायको खुर्चीत आणि फौजदार उभा, असं त्या खोलीत तेव्हा झालं. मला त्या खुर्चीत धड टेकवेना.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचे सासरे म्हणजे ते उंच हवालदार? कवायत घ्यायचे ते?"

"तेच, साहेब," भाऊजी म्हणाले.

साहेब हसले. "मी नवीन लागलो तेव्हा याच मैदानावर त्यांनी मला चालायला शिकवलं. आम्ही हुद्द्याने मोठे, म्हणून ते अदबीने ओरडायचे. 'गाढवासारखे चालू नका, साहेब!' आधी शिवी, मागून साहेब." मग त्यांनी विचारलं, "फार आजारी आहेत?"

मला धीर आला. मी म्हटलं, "साहेब, मग तुम्हीच चला ना. गाडी बाहेर उभीच आहे. पंपघर इथून जवळ. ह्यांना नुसतं जा म्हणा. तुमच्याहून मोठं इथे कोण आहे?"

"मोठा आहे म्हणूनच जाता येत नाही," ते म्हणाले. मी चिडले नव्हते, पण चिडल्यासारखी दिसले असेन, कारण ते समजावत बोलू लागले. "बाई, माझ्या आणि त्याच्या मध्ये इन्स्पेक्टर आहे, फौजदार आहे, जमादार आहे, हवालदार आहे. आज मी या सगळ्यांना ओलांडून त्याला हुकूम दिला, तर उद्या तो जमादाराचं कशाला ऐकेल? म्हणेल, मोठ्या साहेबांना विचारून येतो. आणि उद्या कुणीही येऊन त्याला सांगेल की मोठ्या साहेबांनी जा म्हटलंय. मग पाण्याजवळ कोण उरलं? हुकूम पायरी पायरीने उतरला पाहिजे. उतरेल, काळजी करू नका."

त्यांनी फोन उचलला. माझ्यासमोर, स्पष्ट शब्दांत म्हणाले, "पंपघरावर एक माणूस पाठवा. आत्ताच्या आत्ता." आणि फोन ठेवला. "झालं. हवालदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा."

मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. भाऊजींनी असा सॅल्यूट ठोकला की टेबलावरचा पेला वाजला.

तो हुकूम पायऱ्या कसा उतरला ते मला मागाहून जमादारीणबाईंनी सांगितलं. फोन चष्मेवाल्यांनी घेतला. त्यांनी तो ढेरीवाल्यांना सांगितला, म्हणजे एकट्याने काही केलं असं नको. दोघांनी मिळून जमादारांना बोलावलं आणि म्हणाले, वरच्या साहेबांचा हुकूम, पंपघरावर एक माणूस पाठवा. जमादारांनी मिशीवाल्या हवालदारांना सांगितलं, पंपघरावर जा. कुणी एक शब्द गाळला नाही आणि एक शब्द घातला नाही. वरच्याच्या हुकमात आपल्या पदरचं घालणं हा तिथे गुन्हाच. साहेबांना वाटलं, माणूस पाठवा म्हटलं की आधीचा सुटणार हे कुणालाही कळेल. कळलं सगळ्यांनाच असणार. पण सांगितलेलं कुणालाच नव्हतं.

आम्ही पंपघरावर पोचलो तेव्हा मिशीवाले हवालदार सायकल भिंतीला टेकवून फाटकाच्या एका बाजूला उभे होते. दुसऱ्या बाजूला आमचे हे. दोघेही समोर बघत, दोघांच्याही काठ्या सरळ.

"आला ना माणूस!" भाऊजी मोटारसायकलवरूनच ओरडले. "दादा, चल बस."

हे हलले नाहीत.

"काय झालं आता?"

मिशीवाले म्हणाले, "साहेब, मला पंपघरावर जा म्हणून हुकूम आहे. ह्याला जा म्हणून सांगायचा हुकूम मला नाही."

"अहो, पण त्यासाठीच तर पाठवलंय तुम्हाला!"

"असेल साहेब. मला तसं कुणी बोललं नाही. आता पॉइंट दोन माणसांचा झाला, एवढंच मला कळतं."

मी तिथल्या दगडावर बसले. सकाळपासून मी एका माणसाला सोडवायला हिंडत होते, आणि माझ्या हिंडण्यामुळे तिथे आणखी एक माणूस अडकला होता. हसू आलं. मग हसता हसता रडू आलं, आणि दोन्ही एकदम यायला लागल्यावर मी पदर तोंडात धरला. भाऊजी म्हणाले, मी परत वरच्या साहेबांकडे जातो. मी म्हटलं, नका जाऊ, आता तिसरा येईल.

मिशीवाले माझ्याकडे बघत होते. मामंजींच्या हाताखाली त्यांनी पुष्कळ दिवस काढले होते, आमच्या घरी येणं-जाणं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ह्यांना विचारलं, "काय रे, या पॉइंटवर आता मोठा कोण?"

"तुम्ही," हे म्हणाले.

"नक्की?"

"तुमच्या बाहीवर तीन फिती आहेत. माझी बाही कोरी."

"मग मी सांगीन ते तू ऐकायचं."

"पॉइंटवरचं असेल तर ऐकायचं."

"मला चहा हवाय."

हे गोंधळले. "इथे चहा कुठला?"

"इथे नाही, ते मला दिसतंय. तुझ्या घरी मिळतो. तुझ्या बायकोच्या हातचा चहा मी प्यालोय, चांगला असतो. जा आणि घेऊन ये. पॉइंटवरचा मोठा माणूस लहान माणसाला चहा आणायला पाठवू शकतो की नाही?"

हे विचार करू लागले. नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका विचार मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"पाठवू शकतो," ते शेवटी म्हणाले.

"मग उभा काय राहिलास? आणि सायकल घेऊन जा. चालत गेलास तर चहा मला उद्या मिळेल."

हे भाऊजींच्या मागे मोटारसायकलवर बसायला तयार नव्हते. हुकूम सायकलीचा होता. त्यामुळे हे सायकलवर पुढे आणि त्यांना मागे टाकायचं नाही म्हणून आम्ही फटफटत मागे, अशी आमची वरात लाइनीत शिरली. नळावरच्या बायका बघत राहिल्या.

नाईकीणबाई दारातच होत्या. "आहेत," एवढंच म्हणाल्या.

हे आत गेले आणि मामंजींच्या पायाशी उभे राहिले. टोपी डोक्यावरच होती. मामंजींनी डोळे उघडले. त्यांनी ह्यांना ओळखलं, ते मला त्यांच्या कपाळावरून कळलं, तिथल्या आठ्या सैल झाल्या. भाऊजी बाजूला होते. चार्ज द्यायला जे जे लागतं ते सगळं आता खोलीत होतं.

"आलास," मामंजी म्हणाले. आणि लगेच, "कुणाच्या हुकमानं?"

कुणीही दुसरा असता तर काहीतरी सांगून मोकळा झाला असता. हे म्हणाले, "हवालदारांच्या. चहा न्यायला आलोय."

मामंजींनी डोळे मिटले. मला वाटलं पुन्हा ग्लानी आली. मग म्हणाले, "म्हणजे ड्युटीवर आहेस."

"हो, बाबा."

"ड्युटीवरच्या माणसाला दुसरा चार्ज देत नाहीत."

"बाबा!" भाऊजी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस. सूनबाई, चहा ठेव."

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी मुद्दाम जास्त घातलं आणि जाळ कमी केला. जितकं उशिरा उकळेल तितकं बरं. आतलं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. मामंजी पंपघराच्या फाटकाची कडी नीट बसते का, असं विचारत होते. हे म्हणत होते, बसते, पण पावसात गंजते. मामंजी म्हणाले, तेल लाव. अशाच गोष्टी. मला वाटत होतं, अहो, दुसरं काहीतरी बोला. मग वाटलं, दुसरं ते काय बोलणार, आणि कुणी शिकवलंय त्यांना दुसरं बोलायला? चहा उकळला. मी त्यात आणखी पाणी घातलं.

शेवटी थर्मास भरून बाहेर आले तेव्हा ह्यांचा हात मामंजींच्या हातात होता. मामंजींनी तो सोडला. "जा. तो माणूस वाट बघत असेल."

हे दाराशी गेले, वळले आणि त्यांनी टाचा जुळवून सॅल्यूट केला.

"हात खाली घे," मामंजी म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण मैदानावरचा होता. "मी हवालदार. हवालदाराला सॅल्यूट नसतो. एवढी वर्षं नोकरी केलीस."

ह्यांनी हात खाली घेतला. सायकलच्या हँडलला थर्मास अडकवला आणि गेले.

भाऊजी पलंगाजवळ आले. "बाबा, मी थांबतो."

"तुला कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी नाही."

"मग थांब," मामंजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो येईपर्यंत तू बघ."

काय बघ, ते बोलले नाहीत. भाऊजींनी त्याचा अर्थ असा घेतला की घराचा चार्ज दादा येईपर्यंत माझ्याकडे, दादा आला की त्याचा. आमचे हे म्हणत, मला कुणी समोर उभं करून दिला नाही आणि मी घेतला म्हटलं नाही, म्हणजे तो तुझ्याकडेच. पुढे मुलींची लग्नं ठरली, लाइनीतली खोली सुटली, जागा घ्यायची वेळ आली, तेव्हा दर वेळी दोघे भाऊ माझ्यासमोर बसत. हे म्हणत, तू सांग. भाऊजी म्हणत, मी कसा सांगू, दादा, तू सांग. मग मी सांगत असे आणि तसं होत असे. पण मला विचाराल तर तो चार्ज नक्की कुणाकडे होता हे मला आजही सांगता येणार नाही. मामंजींना बहुतेक सांगता आलं असतं. किंवा त्यांनाही नसतं आलं, म्हणूनच ते तसं अर्धं बोलले असतील. मी पुष्कळ वेळा यावर विचार केला आहे आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचले आहे.

ह्यांच्या जागी उभा राहणारा माणूस त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी मिळाला, ज्येष्ठ कोण ते वरून ठरून आल्यावर. ते ढेरीवाले निघाले.

मामंजी आदल्या दिवशीच, मंगळवारी, दुपारची उन्हं कलायच्या आधी गेले. खोलीत भाऊजी होते आणि मी होते. हे पंपघरावर होते.